यशाच्या यादीतला न छापलेला रकाना

निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत दोन प्रकारची छायाचित्रे फिरू लागतात. पहिली गुणगौरव समारंभांची : व्यासपीठ, शाल, ट्रॉफी, दहावी-बारावीची मुले आणि त्यांच्यामागे उभे असलेले चार पुढारी. दुसरी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जाहिरातींमधली : कोट घातलेले हसरे तरुण, नावाखाली कंपनीचे नाव आणि त्याखाली लाखांतले पॅकेज. पालक दोन्ही पाहतात आणि मनातल्या मनात पहिल्या छायाचित्रातल्या आपल्या मुलाला दुसऱ्या छायाचित्रात नेऊन उभे करतात. मधल्या सहा-सात वर्षांत काय काय घडावे लागते, हे मात्र कुठल्याच छायाचित्रात नसते.

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणारा शिक्षक आहे. दहावीनंतर मुले माझ्या हातून सुटतात. ती जिथे जाऊन अडखळतात ती जागा मला ठाऊक आहे, म्हणून आज त्या मधल्या वर्षांबद्दल लिहीत आहे.

पुण्याच्या पश्चिमेला मुळशी तालुका. तिथल्या लवळ्याच्या डोंगरावर सिम्बायोसिस आंतरराष्ट्रीय अभिमत विद्यापीठाचा परिसर आहे आणि त्यात २००८ मध्ये सुरू झालेली सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही अभियांत्रिकी संस्था आहे. एके काळी भाताची खाचरे आणि पावसासाठी ओळखला जाणारा हा तालुका आता शिक्षणसंस्थांसाठीही ओळखला जातो. विद्यापीठातले असे कुठलेही अभियांत्रिकी महाविद्यालय घ्या, आपली कामगिरी ते तीन खणांत मांडते. माजी विद्यार्थी कुठे पोहोचले. प्राध्यापकांनी किती शोधनिबंध लिहिले, किती पेटंट मिळवली. आणि शिकत असलेल्या मुलांनी कुठली हॅकेथॉन जिंकली, कुठल्या कंपनीत इंटर्नशिप मिळवली.

या याद्यांबद्दल माझी तक्रार नाही. कष्ट करून मिळवलेले यश मिरवायलाच हवे. माझे म्हणणे एवढेच, की या वहीत एक रकाना कमी आहे : ही मुले निघाली कुठून? वडील काय करत होते, दहावी कुठल्या माध्यमातून झाली, फी कोणी भरली, घरात पदवीपर्यंत पोहोचलेले हे कितवे माणूस? हा रकाना नसेल तर यश म्हणजे पोहोचलेल्यांनी पोहोचल्याची दिलेली पावती ठरते. ज्याच्या घरी आधीच दोन इंजिनिअर आहेत तो मुलगा इंजिनिअर झाला, तर ते त्याचे यश आहेच. पण ज्याच्या घरी पहिल्यांदाच फिजिक्सचे पुस्तक उघडले गेले, तो इंजिनिअर झाला तर ते महाविद्यालयाचेही यश असते. दोन्हींना एकाच ओळीत छापले की हा फरक पुसला जातो.

मुळशीत हा प्रश्न नवा नाही

अभियांत्रिकीच्या यशाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मुळशीने शंभर वर्षांपूर्वी देशासमोर ठेवला होता. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी इथे धरण बांधायचे ठरले आणि मावळ्यांच्या जमिनी, घरे, देवळे पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झाले. १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट यांना लोक पुढे सेनापती म्हणू लागले. हे बापट स्वतः शिष्यवृत्ती मिळवून अभियांत्रिकी शिकायला ब्रिटनला गेलेले होते. यंत्र काय करू शकते हे त्यांना कळत होते, म्हणूनच ते कोणासाठी आणि कोणाच्या जिवावर, हेही त्यांनी विचारले. धरण झाले. वीज मुंबईकडे गेली. अभियांत्रिकीच्या इतिहासात ते यश म्हणून नोंदले गेले, आणि बुडालेल्या गावांचा रकाना कोराच राहिला.

आज त्याच तालुक्यात देशभरातली, परदेशांतलीही मुले शिकायला येतात. चांगली गोष्ट आहे. पण पौड, पिरंगुट, घोटावडे, लवळे या गावांतली किती मुले त्या वर्गांत विद्यार्थी म्हणून बसतात आणि किती जण तिथे दुसऱ्या कामासाठी जातात, हा प्रश्न विचारणे म्हणजे संस्थेचा द्वेष करणे नव्हे. बापटांच्या तालुक्यात तो विचारला गेलाच पाहिजे.

सिम्बायोसिसचा स्वतःचा जन्म अशाच एका प्रश्नातून झाला आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत. काविळीने आजारी असलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून जेवण देत असल्याचे त्यांना दिसले. परक्या शहरात आलेल्या मुलांना जेवणापासून मायेपर्यंत सगळ्याचीच वाण असते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि १९७१ मध्ये सिम्बायोसिस उभी राहिली. हा प्रसंग त्यांनी अनेकदा सांगितला आहे. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या दिवशी मुजुमदार सरांनी त्या मुलाची गुणपत्रिका पाहिली नव्हती. त्यांनी खिडकी पाहिली होती. संस्थेचा पायाच जर अडचणीतल्या विद्यार्थ्याकडे पाहण्यातून घातला गेला असेल, तर परदेशातून आलेल्या मुलाइतकाच शेजारच्या गावातून आणि उर्दू शाळेतून आलेला मुलगाही तिथे परका असू शकतो, हे तिला समजावून सांगावे लागू नये.

मोठ्या नावांचा पहिला जिना

यशामागचा पहिला जिना पाहायचा असेल, तर पुण्यातलेच जुने अभियांत्रिकी महाविद्यालय पाहावे. १८५४ मध्ये सुरू झालेली ही संस्था सीओईपी म्हणून प्रसिद्ध आहे आणि २०२२ पासून ती स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. तिच्या माजी विद्यार्थ्यांची यादी कुठल्याही जाहिरातीला लाजवेल अशी आहे.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथून १८८३ मध्ये बाहेर पडले. लहान वयात वडील गेले, शिकवण्या घेऊन त्यांनी बंगळूरात शिक्षण केले आणि पुण्यात ते आले म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. पुढे याच माणसाने खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले आणि १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्या संस्थानाच्या हिशेबाच्या वहीत ही शिष्यवृत्ती खर्चाच्या बाजूला लिहिली गेली असेल. पुणेकरांनी ती जमेच्या बाजूला लिहायला हवी.

लीला पूनावाला फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबातल्या. १९६७ मध्ये त्या याच महाविद्यालयातून मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या, इथली ती शाखा पूर्ण करणारी पहिली स्त्री. अल्फा लव्हाल कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून लागून त्या भारतातल्या कंपनीच्या प्रमुखपदापर्यंत गेल्या, १९८९ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मला त्यांचे खरे यश त्यानंतरचे वाटते, जेव्हा त्यांनी गरजू मुलींच्या उच्च शिक्षणासाठी फाउंडेशन काढले. आपण ज्या जिन्याने वर आलो तो त्यांनी वर ओढून घेतला नाही.

कार्बन डायऑक्साइड लेसर शोधणारे सी. कुमार पटेल बारामतीत जन्मले आणि १९५८ मध्ये इथून पदवीधर झाले. त्यांच्या १९६४ च्या शोधाने आज कारखान्यात पत्रा कापला जातो आणि दवाखान्यात शस्त्रक्रियाही होते. दुकानांत कार्ड घासण्याची यंत्रे बनवणाऱ्या व्हेरिफोन कंपनीचे अनेक वर्षे प्रमुख राहिलेले हातिम तय्यबजी हेही इथलेच विद्यार्थी. बारामतीचे गाव असो की तय्यबजी हे आडनाव, वर्गाचे दार उघडे असले की कोण कुठे पोहोचेल हे आधी सांगता येत नाही.

विद्यार्थ्यांच्या यशाचे उदाहरण द्यायचे तर ‘स्वयम्’ या उपग्रहाचे देईन. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला हा जेमतेम एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ मधून अवकाशात गेला. काम २००८ मध्ये सुरू झाले होते. म्हणजे ज्यांनी पहिली आकृती काढली त्यांना उड्डाणाच्या दिवशी महाविद्यालय सोडून काही वर्षे झाली होती. आठ वर्षे एका तुकडीने दुसरीला काम समजावून दिले, वह्या सोपवल्या, चुका सांगितल्या. पहिल्या तुकडीने ‘आम्हाला काय मिळणार’ असे म्हटले असते तर तो उपग्रह कागदावरच राहिला असता.

आपल्या समाजाने यातून नेमके हेच घ्यायचे आहे. आपल्याकडे तुकड्या आहेत, पण सोपवणे नाही. दर वर्षी कोणीतरी एकटाच पोहोचतो, त्याचा सत्कार होतो, आणि पुढच्या वर्षीच्या मुलाला तीच चूक पहिल्यापासून करावी लागते.

कुव्वत, बल, फोर्स

अडखळण्याची जागा कुठली, ते सांगतो. उर्दू माध्यमाचा मुलगा दहावीपर्यंत ‘कुव्वत’ शिकतो, ‘मजाहमत’ शिकतो, ‘बर्की रौ’ शिकतो. मराठी माध्यमातला त्याचा मित्र त्यालाच बल, रोध, विद्युतधारा म्हणतो. जूनमध्ये दोघे अकरावी सायन्सच्या वर्गात बसतात आणि फळ्यावर येते फोर्स, रेझिस्टन्स, करंट. विज्ञान तेच, पण मुलाला वाटते की आपल्याला काहीच येत नाही. कालपर्यंत वर्गात पहिला येणारा मुलगा तोंड उघडेनासा होतो. पहिल्या चाचणीत मार्क घसरतात. घरचे म्हणतात, जमत नसेल तर गॅरेजवर ये. ही बुद्धीची हार नाही, शब्दकोशाची आहे. आणि शब्दकोशाचा उपाय दोन महिन्यांत होतो, कोणी करायला बसले तर.

मोठ्या आकड्यांतही हीच गळती दिसते. २०११ च्या जनगणनेत देशात मुसलमान १४.२ टक्के होते. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या पाहणीत मुसलमान विद्यार्थी ४.६ टक्के होते, आणि त्यांची संख्या आदल्या वर्षीच्या सुमारे २१ लाखांवरून १९.२ लाखांवर आली होती. याची राजकीय कारणे आहेत, आर्थिक आहेत, भेदभावाचीही आहेत. महाराष्ट्रात २०१४ मध्ये शिक्षणातले ५ टक्के आरक्षण अध्यादेशाने आले, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरते ते चालू ठेवण्यास हरकत घेतली नाही, तरीही पुढच्या सरकारने अध्यादेशाचा कायदा केला नाही आणि ते गेले. हा अन्याय बोललाच पाहिजे. पण तो बोलून झाल्यावर अकरावीतला मुलगा तसाच गप्प बसलेला असतो. त्याच्यासाठी आज संध्याकाळी काय करायचे, याचे उत्तर मोर्चात मिळत नाही.

एपीजे अब्दुल कलाम यांचे छायाचित्र आपल्या प्रत्येक शाळेत आहे. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला तेव्हा सुमारे हजार रुपये लागत होते आणि घरात ते नव्हते. त्यांची बहीण जोहरा यांनी सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. क्षेपणास्त्राचे चित्र आपण भिंतीवर लावले. बांगड्यांचे चित्र कोणी लावले नाही. माझ्या मते मुलांना दुसरे चित्र जास्त उपयोगी पडेल. क्षेपणास्त्र बनवणे सगळ्यांना जमणार नाही, एखाद्याची फी भरणे पुष्कळांना जमेल.

पालकांनी काय वाचावे

आता थोडे हिशेबाचे बोलू. जाहिरातीत ‘सर्वोच्च पॅकेज’ ठळक असते. दहावीच्या गणितात आम्ही मध्य आणि मध्यक यांतला फरक शिकवतो, तो इथे कामाला येतो. समजा पाच मुलांना वर्षाला ४, ४, ५, ६ आणि ४१ लाख मिळाले. सर्वोच्च पॅकेज ४१ लाख. सरासरी १२ लाख. पण ओळीत मधोमध उभ्या असलेल्या मुलाला मिळाले ५ लाख. तुमचा मुलगा त्या मधल्या मुलाच्या आसपास असण्याची शक्यता सर्वांत जास्त. कर्ज काढायचे ते या आकड्याकडे पाहून, ४१ कडे पाहून नव्हे.

हा आकडा गुपित नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात नोकरी लागलेल्यांचे मध्यक वेतन असते. किती विद्यार्थी राज्यातले, किती बाहेरचे, किती आर्थिकदृष्ट्या दुर्बल, किती जणांची पूर्ण फी सरकारने किंवा संस्थेने भरली, हेही असते. या क्रमवारीत समावेशकतेला गुणही आहेत, १०० पैकी १०. म्हणजे मी मागतो आहे तो रकाना सरकारी तक्त्यात थोडाफार आहेच. फक्त तो आतल्या कुठल्यातरी फाइलमध्ये आहे आणि पॅकेज दर्शनी पानावर. प्रवेशाच्या आधी ती फाइल उघडा. उघडता येत नसेल तर मोहल्ल्यातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला सांगा, पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी गोष्ट फीची. राज्य सरकारने २०२४-२५ पासून इतर मागासवर्गीय, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा इतर मागासवर्गात मोडणाऱ्या आपल्या घरांतल्या मुली यात बसतात. ज्या मुसलमान घरांना कुठलेच जातीचे आरक्षण नाही, त्यांना अटी पूर्ण होत असतील तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या योजनेत येत नाहीत. म्हणजे लवळ्यासारख्या ठिकाणी, जिथे वर्षाची फी काही लाखांत जाते, ही माफी लागू नाही. शहरातल्या दुसऱ्या महाविद्यालयात तीच मुलगी शिक्षण शुल्काशिवाय शिकू शकते. केवळ नाव मोठे म्हणून कर्ज काढण्याआधी हे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. दाखले दहावीनंतर लगेच काढायला घ्या. जात पडताळणी राहिली म्हणून हातातली जागा गेल्याचे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहे.

तिसरी गोष्ट वाटेची. बारावी सायन्स हीच एक वाट नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. हातात काम असलेल्या घरांतल्या मुलांना ही वाट जास्त मानवते, कारण वर्कशॉपमध्ये त्यांना परके वाटत नाही. शिवाय २०२१ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी आहे आणि निगडीच्या पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवले जाते. आपल्या मुलांची मराठी पक्की असेल तर हे दारही त्यांच्यासाठी आहे. मराठी हा दहावीपुरता सुटायचा विषय आहे असे समजणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

मागणी कोणाकडे

‘गुणवत्तेत असली मोजदाद कशाला? जो लायक तो पुढे जाईल,’ असे काही वाचक म्हणतील. पण मी गुण वाढवून मागत नाही, मोजणी मागतो आहे. १०० मीटरच्या शर्यतीत एक जण ४० मीटरच्या रेषेवरून सुटला असेल तर घड्याळाबरोबर ती रेषाही लिहावी, इतकेच. दुसरे म्हणतील, खासगी संस्था आहे, तिच्यावर बंधन कसले? अभिमत विद्यापीठाचा दर्जा सरकार देते, लोकांच्या विश्वासावर देते. लोकांनी प्रश्न विचारणे त्या विश्वासातच आले.

म्हणून महाविद्यालयांकडे तीन गोष्टी मागाव्यात. यशाच्या यादीशेजारी दर वर्षी छापा, की पदवी घेणाऱ्यांपैकी किती जण घरातले पहिले पदवीधर आहेत आणि किती जण मराठी, उर्दू किंवा हिंदी माध्यमातून आले. प्राध्यापकांच्या कामगिरीत शोधनिबंधाबरोबर हेही मोजा, की पहिल्या सत्रात नापास झालेल्या किती मुलांना त्यांनी शेवटच्या सत्रापर्यंत नेले. असे शिक्षक प्रत्येक महाविद्यालयात असतात आणि त्यांच्यासाठी कुठलेच पदक नसते. आणि माजी विद्यार्थ्यांना फक्त संमेलनाला बोलावू नका. पहिल्या वर्षाच्या पाच मुलांची जबाबदारी एकेकाला द्या.

आणि आपल्या समाजाकडे एकच मागावे. गुणगौरव समारंभ बंद करू नका, पण त्याची तारीख बदला. जूनमध्ये शाल द्यायची ती द्या, मात्र त्याच मुलांना डिसेंबरमध्ये पुन्हा बोलवा. तेव्हा पुढारी नकोत. मोहल्ल्यातला डिप्लोमाचा एखादा विद्यार्थी, एखादा नोकरीला लागलेला इंजिनिअर आणि एक शिक्षक एवढे पुरेत. मुलांना विचारा : कुठला विषय अडला? फी भरली का? वर्गात बोलतोस का? ट्रॉफीच्या खर्चात अकरावीच्या मुलांना उर्दू-मराठी-इंग्रजी शास्त्रीय शब्दांची एक पुस्तिका छापून देता येईल. ती करायला माझ्यासारखे शिक्षक फुकट बसतील, याची खात्री बाळगा.

जूनमध्ये टाळ्या वाजवणारे पुष्कळ असतात. डिसेंबरमध्ये दार ठोठावणारे किती, यावर पुढच्या सहा वर्षांनी कोणाचे छायाचित्र छापले जाणार हे ठरते. यंदाची मुले अजून कुठेही पोहोचलेली नाहीत. त्यांच्यापैकी एकाचा पत्ता तुमच्याकडे नक्की असेल.